जिथं शेवटचं पाजलं

आमच्या हॅरो काउंटीत कोणी कोणाला गाई किती आहेत असं विचारत नाही. मी तेवीस वर्षं इथे जनावरांची डॉक्टर आहे. लोकांच्या गाईंच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालते, कुठली गाभण आणि कुठली भाकड ते सांगते, पण कुंपणाबाहेर आल्यावर आकडा तोंडातून काढत नाही. दुसऱ्याच्या खिशात हात घालण्यासारखं मानतात ते. मेलेल्या जनावरांच्या बाबतीत तर त्याहून कडक. शेजाऱ्याची मेलेली गाय ओढायला मदत करायची, खड्डा खणून द्यायचा, पण मोजायचं नाही. मोजलं तर त्याचं दुःख आपण मापलं, असं काहीतरी त्यामागे असावं. कोणी समजावून सांगितलेलं नाही. मीही विचारलेलं नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातल्या त्या वादळात ही रीत एमेट व्होबोरिलच्या जिवावर आली.

गाई तेव्हा उन्हाळी कुरणांवरच होत्या. त्यांच्या अंगावर थंडीतली दाट लव अजून आली नव्हती. शुक्रवारी पहाटे पाऊस सुरू झाला, दुपारी त्याचा बर्फ झाला, आणि रविवारी सकाळपर्यंत वारा थांबला नाही. भिजलेलं जनावर वाऱ्याकडे तोंड करून उभं राहू शकत नाही. ते पाठ फिरवतं आणि चालू लागतं. वारा वायव्येचा होता, म्हणून सगळी काउंटी आग्नेयेकडे चालली. कुंपणांवर बर्फाचे ढीग चढले होते आणि त्यांचा वरचा थर दगडासारखा घट्ट झाला होता. गाई त्या ढिगांवरून तारा ओलांडून गेल्या. वासरांचे पाय आखूड. ती खालच्या मऊ बर्फात रुतली.

एमेटची वासरं त्याच्याच जमिनीच्या कोपऱ्यात, सल्फर ओढ्याच्या कुंपणापाशी सापडली. रविवारी दुपारी तो घोड्यावरून तिथे पोचला. त्याच रात्रीपासून हवा एकदम उबदार झाली. आमच्याकडे असंच होतं. ओढ्याला पाणी चढू लागलं, आणि त्या ओढ्याच्या खाली दोन मैलांवर शाळेची विहीर आहे. सोमवारी सकाळी शेजारचा व्हर्लिन आस त्याचं खोदकामाचं यंत्र घेऊन आला. दोघांनी उंचावर लांब खड्डा खणला आणि दुपारपर्यंत सगळी वासरं त्यात घालून माती ओढली. एमेटने मोजली नाहीत. व्हर्लिनने तर मागे वळूनच पाहिलं नाही. त्याच्या दृष्टीने तो सभ्यपणाच होता.

मंगळवारी रस्ते उघडले आणि काउंटीच्या शेती ऑफिसातल्या बर्डीनने एमेटचा फोन उचलला. सरकारी मदतीचा फॉर्म दोन पानांचा असतो. वादळात, वणव्यात, पुरात मेलेल्या जनावरांसाठी तोच. पहिलं पान सोपं आहे. दुसऱ्या पानावर अट आहे, की मेलेली जनावरं घरच्याखेरीज कोणीतरी पाहिलेली असावीत, आणि पाहणाऱ्याने आकडा व तो कसा काढला ते लिहून सही करावी. बर्डीनने हे एमेटला दोनदा वाचून दाखवलं. ती वाईट नाही. तिच्या भावाची चाळीस गेली होती.

हे सगळं एमेटने मला मंगळवारी संध्याकाळी सांगितलं, व्हर्लिनच्या वाड्यात. वाडा म्हणजे लोखंडी फाटकांचं मोठं आवार. घरापासून अकरा मैलांवर भरकटलेल्या गाई तिथे आणून अंगावर उमटवलेल्या मालकांच्या डागण्यांवरून वेगळ्या केल्या होत्या. पाच मालकांच्या गाईंचं काम आटोपलं होतं, आता एमेटच्या पांढऱ्या तोंडाच्या तांबड्या गाई तेवढ्या राहिल्या होत्या. काहींच्या पायाशी वासरं होती. बहुतेकींच्या नव्हती. मी सुजलेल्या डोळ्यांना औषध घालत होते. त्याच्या अकरा गाई मेल्या होत्या आणि त्या मी स्वतः पाहिल्या होत्या, कानातल्या बिल्ल्यांचे नंबर माझ्या वहीत होते. वासरांचं काय, असं मी विचारलं तेव्हा त्याने शर्टाचा खिसा चाचपला.

त्याची जन्मनोंदीची छोटी वही, जी इथला प्रत्येक माणूस शर्टाच्या खिशात ठेवतो, ती सोमवारी ओढ्याच्या पाण्यात त्याच्याबरोबर छातीपर्यंत बुडाली होती. शाईची होती. आता तिचा निळा लगदा झाला होता. वसंतात त्याने माझ्याकडून लसीच्या चार बाटल्या नेल्या होत्या, पन्नास मात्रांची एक. पण उरलेली लस कोणी परत आणत नाही, त्यामुळे त्यावरून एवढंच कळत होतं, की वासरं दीडशेच्या वर आणि दोनशेच्या आत होती. आणि हरवलेलं म्हणजे मेलेलं नव्हे. वासरं अजूनही तीन काउंटींत इकडेतिकडे सापडत होती.

व्हर्लिन म्हणाला, शंभर लिहा, मी सही करतो. तो मोकळ्या मनाने बोलत होता.

“तू पाहिलीस का शंभर?” एमेटने विचारलं.

“मी काय पाहणार. मी ड्रायव्हर.”

“मग गप बस.”

व्हर्लिनने माझ्याकडे पाहिलं. मी न पाहिलेला आकडा लिहीत नाही हे त्याला माहीत होतं, म्हणून त्याने मला विचारलं नाही आणि मला नाही म्हणावं लागलं नाही. खड्डा उकरायचा विषय कोणी काढला नाही. एमेटची बायको लव्हॉन गाडीत बसली होती. तिने काच खाली करून तेवढंच सांगितलं, की पुरलेल्यांना कोणी हात लावायचा नाही, मग सरकार काहीही म्हणो.

वासरं म्हणजे एमेटचं वर्षाचं उत्पन्न. ती गेल्यावर हिवाळ्याला कमी पडणारं गवत कशाने आणायचं हा प्रश्न होता. फॉर्म मंजूर झाला असता तर गवतवाला पैशांसाठी वसंतापर्यंत थांबला असता. नाहीतर गाई विकाव्या लागल्या असत्या, सगळ्या. हा कळप त्याच्या आजीने सात कालवडींपासून उभा केलेला. बाहेरची गाय त्यात कधी विकत घेतलेली नाही. त्या न्यायला त्याने पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारचे ट्रक सांगून ठेवले होते. त्याच्या आदल्या दिवशी, बुधवारी, फॉर्म तपासायला काउंटीची समिती बसणार होती. मला हे सगळं सांगताना तो एकदाही माझ्याकडे बघत नव्हता. शेवटी म्हणाला, “डॉक्टरीण, तू डोळे बघ. तेच तुझं काम.”

दुसऱ्याच दिवशी, बुधवारी सकाळी सहाला व्हर्लिनचा फोन आला. एमेटच्या गाई वाड्यातून गेल्या होत्या.

मी पोचले तेव्हा एमेट आधीच आलेला होता. कसं झालं ते स्पष्ट दिसत होतं. वाड्याच्या उत्तरेच्या बाजूला बर्फाचा ढीग फाटकाच्या उंचीला टेकला होता. दिवसा तो भुसभुशीत असायचा, रात्रीच्या थंडीत घट्ट झाला होता. गाई त्यावरून चढून पलीकडे उतरल्या होत्या. सगळ्या नव्हे. ज्यांच्या पायाशी वासरू होतं त्या आवारात रवंथ करत बसल्या होत्या, जणू काही झालंच नाही. एकीही उठलेली नव्हती.

व्हर्लिन एमेटला म्हणाला, “तुझ्या गाईंना माझा पाहुणचार आवडला नाही.”

“तुझं गवतच तसलं,” एमेट म्हणाला. मग तो पावलांच्या खुणांकडे चालत गेला आणि थांबला. खुणा एका ओळीत होत्या. एकीच्या खुरांवर दुसरीचे खूर, चर पडला होता. चर वायव्येकडे जात होता. सकाळी वारा पुन्हा तिकडूनच होता.

शनिवारी जनावरं वाऱ्याला पाठ देऊन चालली होती. ते मला समजतं. त्यात त्यांची निवड नसते. पण वाऱ्यात तोंड घालून, भुकेलं, स्वतःहून चालणारा कळप मी कधी पाहिला नव्हता. एमेटला विचारलं तेव्हा त्यानेही नाही म्हणून मान हलवली.

आम्ही माझ्या पिकअपने रस्त्याने निघालो. खुणा दोनदा रस्ता ओलांडून गेल्या. तीन जणांच्या जमिनी, सहा कुंपणं. प्रत्येक कुंपणापाशी चर थोडा वळून ढिगाच्या उंच जागी जायचा, तार ओलांडायचा आणि पुन्हा त्याच दिशेला लागायचा. वादळात ज्या वाटेने आल्या त्याच वाटेने त्या परत गेल्या होत्या. मी होकायंत्र काढून पाहिलं. दोन अंशांचाही फरक नव्हता.

एमेट म्हणाला, घरी गेल्या असतील, गंजीवर. त्याच्या गवताच्या गंज्या घराच्या अलीकडे टेकडीखाली आहेत. पाच दिवसांत या गाईंना पोटभर मिळालेलं नव्हतं. गवताचा वास भुकेल्या गाईला मैलावरून येतो. आम्ही टेकडीवर गाडी थांबवली. खालच्या बर्फात चर गंज्यांपासून पाव मैलावरून जात होता. कुठेही फाटा फुटलेला नव्हता. एक गाय, एकसुद्धा, गवताकडे वळली नव्हती.

एमेटने टोपी काढून मांडीवर ठेवली. टोपी काढावी अशी हवा नव्हती ती.

“कुठे गेल्या कळलं मला,” तो म्हणाला.

मलाही तेव्हाच कळलं. आमच्याकडे शेंबड्या मुलालाही हे माहीत असतं, की वासरू हरवलेली गाय दुसरीकडे कुठे शोधत नाही. तिने शेवटचं जिथं पाजलं, तिथं ती परत जाते आणि उभी राहते. वासरूही तेच करतं. हाकताना मागे राहिलेली जोडी सापडत नसेल तर दुसऱ्या दिवशी त्या जागी जाऊन बघायचं. मी हे शंभरदा पाहिलं आहे. पण एका गाईचं. दोघींचं. पाच दिवसांनी, अकरा मैलांवरून, अख्ख्या जमावाने नव्हे.

ओढ्याच्या वळणाआधी एक सपाट माळ आहे. गुरुवारी रात्री, पाऊस सुरू होण्याआधी, कळप वासरांसह तिथे होता. शेवटचा मैल आम्ही चालत गेलो. आवाज आधी आला. पहिल्यांदा वाटलं दूर कुठे यंत्र चालू आहे. तो कानापेक्षा पायांना जास्त जाणवत होता. मग माळ दिसला.

त्या कळपासारख्या उभ्या नव्हत्या. गाई उघड्यावर एकमेकींना चिकटून राहतात, पण इथे प्रत्येक गाय एकटी होती. दहा पावलं, वीस पावलं मध्ये सोडून, साऱ्या माळभर. कोणाचं तोंड पूर्वेला, कोणाचं ओढ्याकडे. प्रत्येकीने आपल्या पुढ्यातली जागा हुंगून बर्फ बाजूला केला होता आणि खालचं पिवळं गवत उघडं पडलं होतं. ते कोणी खात नव्हतं. तिथे मान खाली घालून त्या हंबरत होत्या. वासराला जवळ बोलवायचं असतं तेव्हाचं, तोंड मिटून केलेलं हंबरणं. एवढ्या सगळ्या मिळून तो आवाज तयार झाला होता.

वासरांचा खड्डा तिथून दीड मैलावर होता. तिकडे एकही खूण गेली नव्हती. मेलेली कुठे आहेत हे त्यांना ठाऊक नव्हतं. पाजलं कुठे ते ठाऊक होतं.

मी शास्त्र शिकलेली बाई आहे. जागेची आठवण मेंदूत कुठे राहते, वास आणि पान्हा यांचा संबंध काय, हे मी परीक्षेत लिहिलेलं आहे आणि त्याला चांगले गुण मिळालेले आहेत. त्या माळावर मला त्यातलं काहीही खोटं वाटलं नाही. पण ते फार थोडं आहे असं वाटलं. एमेट माझ्या शेजारी उभा होता. तो अडुसष्ट वर्षांचा, आणि जन्मापासून गाईंत वाढलेला.

किती वेळ गेला सांगता येत नाही. मग माझ्या लक्षात आलं, की माझी वही माझ्या हातात आहे.

“एमेट,” मी म्हणाले, “मी यांना मोजू का?”

मी इतक्या वर्षांत कोणाला हा प्रश्न विचारला नव्हता. त्याला समजायला थोडा वेळ लागला, आणि समजल्यावर त्याने गाईंकडे पाहिलं, माझ्याकडे नाही.

“मोज, पोरी,” तो म्हणाला. “पण हळू. त्यांना हलवू नकोस.”

मी सकाळी साडेनऊला सुरुवात केली आणि दोनपर्यंत चालले. नुसती गाय उभी आहे एवढ्याने भागणार नव्हतं. प्रत्येकीच्या मागून जाऊन कास पाहिली. पाच दिवस न पाजलेली कास तटतटते, कातडी चकाकते, सड बाहेरच्या बाजूला फाकतात आणि त्यांना लाळेचा मळ नसतो. बऱ्याचजणींचं दूध आपोआप गळत होतं, बर्फात छोटी छोटी भोकं पडली होती. मी बिल्ल्याचा नंबर, कास, सड, वेळ असं लिहीत गेले. एकीनेही लाथ उगारली नाही. मी तिथे आहे की नाही याने त्यांना काही फरक पडत नव्हता. दोन भाकड होत्या, सोबतीने आल्या असाव्यात. त्या सोडल्या. दूध असलेल्या सत्त्याण्णव होत्या.

दुपारी बारीक बर्फ पडला आणि थांबला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी परत गेले. एक आकडा एकदाच मोजलेला असेल तर मला झोप येत नाही. गाई रात्रीत पाण्यासाठी ओढ्यावर उतरल्या होत्या, आणि माळ रिकामा होता. रिकामा म्हणणं चूक आहे. प्रत्येक गाय जिथे उभी होती तिथे अंगाच्या उबेने बर्फ वितळून जमीन दिसत होती. गाईच्या आकाराचे काळे लांबट डाग, पांढऱ्या माळावर, नजर पोचेल तिथपर्यंत. मी ते मोजले. एकशे एक भरले. भाकड दोघींचे दोन धरले तर नव्व्याण्णव व्हायला हवे होते, म्हणजे दोघींनी जागा बदलली असणार. मी डागांच्या मधोमध उभी होते तेव्हा पहिल्या गाई ओढ्यावरून वर आल्या. प्रत्येक गाय चालत आपल्या डागावर गेली. एकही चुकली नाही.

शनिवारपर्यंत कासा उतरू लागल्या आणि आवाज विरळ झाला. त्या आठवड्यात एमेटची तीन वासरं शेजारच्या काउंटीत जिवंत सापडली. वासराच्या बिल्ल्यावर आईचा नंबर असतो. तिघी माझ्या यादीत होत्या, त्या मी खोडल्या. चौऱ्याण्णव उरले. व्हर्लिन म्हणाला, ज्या अकरा गाई मेल्या त्यांचीही वासरं असतीलच की, ती कोणी मोजायची? बरोबर होतं त्याचं. पण त्यांच्यासाठी कोणी येऊन उभं राहिलं नव्हतं. मी एमेटला तसं सांगितलं. त्याने हरकत घेतली नाही.

पुढच्या बुधवारी समिती बसली. समितीत काउंटीचेच तीन पशुपालक असतात. त्यांचा प्रमुख मर्टन लिंडाल. त्याचं आणि एमेटचं एकोणीस वर्षं बोलणं नव्हतं. मर्टनच्या वळूने एमेटचं कुंपण तोडलं होतं की एमेटच्या कालवडींनी ते आधीच वाकवलं होतं, यावरून. एमेट भिंतीशी बसला. मर्टन माझ्याशी बोलला.

बर्डीनने फॉर्म पुढे सरकवला. आकड्यासमोर चौऱ्याण्णव होतं. तो कसा काढला या रकान्यात दोन इंच जागा असते. मी तिथे लिहिलं होतं: माता मोजल्या. सोबत वहीची पानं जोडली होती.

बर्डीन म्हणाली, असं उत्तर तिच्या बावीस वर्षांत आलेलं नाही, वरच्या ऑफिसात ते काय म्हणतील तिला सांगता येत नाही. मर्टनने तिला हाताने थांबवलं. तो पानं वाचत राहिला, एकेक नंबर. त्याचं बोट ओळींवरून खाली जात होतं. मग त्याने विचारलं, “कासा तटतटलेल्या होत्या?”

“सगळ्या. सड पाहिले. यादीत आहे.”

“गंजीवर गेल्या नाहीत?”

“पाव मैलावरून गेल्या.”

तो पुन्हा वाचू लागला. मला वाटलं, आता हा नाही म्हणणार. शेवटच्या पानावर त्याचं बोट थांबलं. पहिल्यांदाच तो भिंतीकडे वळला.

“ही दोनशे सोळा,” तो एमेटला म्हणाला. “ती पाय किंचित ओढत चालणारी?”

“तीच,” एमेट म्हणाला.

“ती चालली अकरा मैल?”

“सगळ्यांच्या पुढे होती. चरात तिच्या पायाची खूण सगळ्यांच्या खाली होती.”

मर्टनने चष्मा काढून पुसला. नंतर सही केली आणि फॉर्म बाकीच्या दोघांकडे सरकवला. बर्डीनला त्याने सांगितलं, वरून कोणी विचारलं तर त्यांना इकडे पाठव, मी त्यांना माळ दाखवतो.

एमेटने ऑफिसच्या फोनवरून ट्रकवाल्याला नको म्हणून कळवलं. दोन वाक्यांत.

गुरुवारी मी एका घोड्याला टाके घालायला त्याच बाजूला गेले होते. येताना ओढ्याच्या वळणाशी गाडी थांबवली. एमेटने गवत घराशी टाकलं नव्हतं. गंजीतून भरून ते त्याने माळावर आणलं होतं आणि लांब ओळीत पसरलं होतं. गाई आता कळपासारख्या, खांद्याला खांदा लावून खात होत्या. उरलेला बर्फ वितळला होता, तरी डागांवरचं गवत जरा वेगळं दिसत होतं, दबलेलं, गडद.

एकच गाय दूर उभी होती. दोनशे सोळा. तिची कास आटलेली होती. हंबरत नव्हती. नुसती मान खाली घालून उभी होती. गवताच्या ओळीच्या टोकाशी उभ्या एमेटला मी विचारलं, तिला गवताकडे वळवायचं का.

“राहू दे,” तो म्हणाला. “तिचं झालं की येईल.”

आम्ही गाडीला टेकून उभे राहिलो. दुपारचे तीन वाजून गेले होते. ती अजून तिथेच होती. एमेटने गवताची एक पेंडी उचलली, चालत तिच्याजवळ गेला आणि जमिनीवर ठेवली. तिच्या पुढ्यातल्या मोकळ्या जागेवर नाही. थोडी बाजूला.